माती पाच वाजता

सोलापुरात माणूस गेला की लोक आधी 'कशानं गेले' असं विचारत नाहीत, 'माती कितीला' असं विचारतात. आणि त्याचं उत्तर टीव्हीवर असतं. शहरात एक जुनं केबल चॅनेल आहे. त्याचं खरं नाव काहीतरी भारी इंग्रजी आहे, पण सगळे त्याला पट्टीचं चॅनेल म्हणतात. वर बातम्या चालोत, भजन चालो नाहीतर साड्यांचा सेल चालो, लोकांची नजर खालून सरकणाऱ्या पट्टीवर. आज कुठल्या पेठेत पाणी सुटणार, कुणाची म्हैस हरवली, कोण गेलं, माती किती वाजता. पट्टीवर दिलं म्हणजे अख्ख्या जिल्ह्याला सांगितलं, मग मला कळवलं नाही म्हणून कुणी रुसायचं नाही. नाव दिसलं की निघायचं, मग भांडण असो की तीस वर्षांचा अबोला. लग्नाला बोलावणं लागतं, मातीला लागत नाही, हा इथला कायदाच आहे.

म्हणून बाळीवेशीतले वीरभद्रप्पा कलशेट्टी शुक्रवारी पहाटे गेले, तेव्हा त्यांच्या मुलानं, मृत्युंजयनं, डोळे पुसायच्या आधी पट्टीचा मजकूर लिहायला घेतला. वडिलांनीच तसं सांगून ठेवलं होतं. शेवटच्या आठवड्यात त्यांचं बोलणं निम्मं कळत नव्हतं, पण एवढं मात्र ते खणखणीत बोलायचे, "पट्टीवर दे. अक्का वाचंल. अक्का येईल बघ."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण नागम्मा. अक्कलकोटला असते. तिची गोष्ट आधी सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

वीरभद्रप्पांनी आपली मुलगी पाळण्यात असतानाच बहिणीला शब्द दिला होता, ही तुझ्या शिवराजला. मामाची पोर आत्याच्या घरी, त्यांच्यात रीतच आहे. पण ती पोर, अक्षता, शिकली, इंजिनिअर झाली आणि म्हणाली, शिवराज मला भावासारखा. बापाला काय, पोरीच्या डोळ्यांत पाणी बघवेना. अहमदाबादला नोकरी करणारं स्थळ आलं, तिथं दिली. लग्नाच्या दिवशी नागम्मा मांडवात आली, जेवली नाही, आशीर्वाद दिला नाही. चारशे माणसांच्या समोर भावाला म्हणाली, "आता तुजं तोंड तू मेल्यावरच बघीन." वीरभद्रप्पा तरी कमी कुठले! दोघं एकाच आईचं दूध प्यालेले. त्यांनी मृत्युंजयचा हात ओढला, स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घातली, माझ्या घरातलं कुणी हिच्या दारात पाऊल टाकायचं नाही. मृत्युंजय तेव्हा तेवीस वर्षांचा होता. आता त्याचं पाइपांचं दुकान आहे, कानशिलं पांढरी झालीत, आणि शपथ जिथल्या तिथं आहे.

पण रक्त ते रक्त. अक्कलकोटची सुंदरम्मा, वीरभद्रप्पांची विधवा चुलत वहिनी, सणावाराला यायची आणि दरवेळी एकच गोष्ट सांगायची. नागम्मा रोज दुपारी एकला ताट घेऊन टीव्हीसमोर बसते आणि पट्टीचं चॅनेल लावते. पट्टी एकदा पुरती सरकून जाऊ देते. भावाचं नाव आलं नाही हे बघते आणि मग पहिला घास घेते. ऐकून वीरभद्रप्पा भिंतीकडं तोंड करून बसायचे. एकदा मृत्युंजयला म्हणाले, "जेवती म्हणायची." तेवढंच.

शेवटच्या आठवड्यात मृत्युंजयच्या फार मनात होतं की विचारावं, अप्पा, ती शपथ सोडा की आता. दोनदा तो खाटेजवळ जाऊन बसलाही. मरणाऱ्याला तू मरतोयस असं तोंडावर कसं सांगायचं, म्हणून विचारणं राहून गेलं.

सकाळी सात वाजता अंघोळ घालून वीरभद्रप्पांना सोप्यात भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं. कपाळभर विभूती, डाव्या तळहातात लिंग, गळ्यात झेंडूचा हार. लिंगायतांच्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. त्यामुळं येणाऱ्याच्या समोर थेट चेहरा येतो. चेहरा छान होता. एवढ्या दुखण्यातून गेलेला माणूस वाटत नव्हता, जेवून जरा डोळा लागलाय असं वाटत होतं.

वेळ ठरली संध्याकाळी पाच, ती अक्षतासाठी. अकराच्या विमानानं ती अहमदाबादहून पुण्याला येणार होती, तिथून गाडीनं सोलापूर, साडेचारपर्यंत घरात. नऊ वाजता मजकूर पट्टीवर गेला. "वीरभद्रप्पा गुरुसिद्धप्पा कलशेट्टी यांचे निधन. माती आज सायं. ५ वा., बाळीवेस येथील राहत्या घरापासून." मृत्युंजयनं शेजारच्या घरात जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी ती सरकताना पाहिली आणि त्याला जरा बरं वाटलं.

पावणेअकराला जगाचे कंप्यूटर बसले. उगाच फुगवून सांगत नाही, खरंच बसले. कुठल्याशा परदेशी कंपनीनं काहीतरी बदल पाठवला म्हणे, आणि इकडं विमानतळापासून ब्यांकेपर्यंत जिथं जिथं तो पोचला तिथले पडदे निळे होऊन पडले. दिल्ली-मुंबईची बातम्यांची चॅनेलं बोलता बोलता बंद पडली. गल्लीत आधी मजाच वाटली लोकांना. एक म्हणाला, बरं झालं, तेवढीच कानाला शांती.

मग अक्षताचा फोन आला. "दादा, इथं सगळे पडदे निळे झालेत. पास हातानं लिहून देतायत. दोन हजार माणसं आहेत रे रांगेत." पावणेबाराला परत आला, तेव्हा ती रडतच होती. विमान रद्द. आज पुण्याला एकही जाणार नाही. "माझ्यासाठी ठेवू नका अप्पांना. मला तेवढं व्हिडिओवर दाखव." मृत्युंजयनं फोन वडिलांच्या समोर धरला. तिकडं ती विमानतळाच्या फरशीवर बसून बघत होती, मागून कुणीतरी ट्रॉली ढकलत ओरडत होतं. पाच मिनिटं त्यानं हात तसाच धरला.

फोन ठेवला आणि सिद्धाप्पा काका उठले. वीरभद्रप्पांचे धाकटे चुलतभाऊ, घरातले आता सगळ्यात मोठे, आणि आवाजही सगळ्यात मोठा.

"आता कुणासाटी थांबायचं? पावसाळी हवा हाय, चेहरा उतराय लागला बघ. अय्यांना तीन वाजता दुसऱ्या गावाला मातीचे मंत्र म्हनाय जायचंय. सकाळपास्नं चूल न्हाय, म्हातारी माणसं उपाशी बसल्यात. दीडला उचलू."

"काका, नागम्मा आत्या येईल."

"एकोणीस वर्सं आली न्हाय ती! आन् यायची असंल तर पट्टी हाय की. वेळ बदलून दे, संपलं."

पट्टी आहे की! सगळ्यांनी माना हलवल्या. मृत्युंजयनं स्कूटर काढली.

चॅनेलचं ऑफिस नवी पेठेत, एका कापडदुकानाच्या वर. पट्टी टाकणारे यशवंत बनसोडे तिथं वीस वर्षं बसतात. शहरातलं निम्मं मरण त्यांच्या बोटांखालून गेलंय. त्या दिवशी ते चार निळ्या पडद्यांच्या मध्ये डोक्याला हात लावून बसले होते. एक फोन खाली ठेवला की दुसरा वाजत होता.

"यशवंतमामा, अप्पांची वेळ बदलायची होती. पाचची दीड करा."

"कशावर करू सांगा, मालक? समदं मेलंय. इंजिनिअर पुण्याचा, त्यो फोन उचलंना. चित्रबी न्हाय आन् पट्टीबी न्हाय." त्यांनी कोपऱ्यातला टीव्ही दाखवला. काळा ठिक्कर. "पावणेअकरापास्नं असंच. वीस वर्सांत एक दिवस पट्टी बंद न्हवती. कोरोनात न्हवती."

"म्हणजे कुठंच दिसत नाही?"

"कुटं दिसणार? हितनंच जातं की समदं."

"अक्कलकोटला?"

"तितंबी हितनंच जातं," यशवंत म्हणाले. त्यांनी नवीन वेळेचा कागद घेतला, वाचला, समोर चिकटवला. "चालू झालं की पयली हीच टाकतो. वीरभद्रप्पांची पयली. शबुद हाय माजा."

जिना उतरताना मृत्युंजयनं मनाशी हिशेब घातला, आणि इथंच सगळं फसलं. आत्या पट्टी बघते एक वाजता. पट्टी बंद पडली पावणेअकराला. म्हणजे पाचची वेळ तिनं वाचलीच नसणार. अप्पा गेले हेच तिला ठाऊक नाही. मग माती दीडला झाली काय आणि पाचला झाली काय, ती येणारच नाही. कसा बिनचूक हिशेब! शाळेत असता तर गुरुजींनी पैकीच्या पैकी दिले असते.

तरी त्याचं मन खात होतं. घराकडं न वळता तो अक्कलकोट नाक्यावर आला. पेट्रोलपंपावर कार्डाचं यंत्र चालेना म्हणून भांडण जुंपलं होतं, ब्यांकेच्या दारात पासबुकं घेऊन माणसं उन्हात उभी होती. त्यानं कडेला स्कूटर लावली आणि शिवराजला फोन केला. आत्याकडं स्वतःचा फोन नव्हता. आतेभावाचा नंबर त्याच्याकडं होता, कधी लावला नव्हता. पूर्ण वाजला. परत लावला, परत पूर्ण वाजला. तिसऱ्यांदाही तेच.

समोर रस्ता होता. पाऊण तासात अक्कलकोट. आत्याला मागं बसवायची आणि परत. पावणेतीनपर्यंत घरात. काकांना एक फोन केला असता तर थांबले असते, शिव्या दिल्या असत्या पण थांबले असते. आणि डोक्यावरचा तो हात? माझ्या घरातलं कुणी हिच्या दारात पाऊल टाकायचं नाही. जिवंत बापाची शपथ माणूस एक वेळ मोडेल. सोप्यात मांडी घालून बसलेल्या बापाची कशी मोडायची? दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचं, म्हणाल. नंतर सगळ्यांनाच ते सुचलं. नंतर काय, शंभर गोष्टी सुचतात.

खिशात फोन वाजला. काका होते. "कुटं हायस? अय्या आले." मृत्युंजयनं स्कूटर घराकडं वळवली.

एक वाजता वीरभद्रप्पांना फुलांच्या विमानात, म्हणजे मातीला न्यायच्या पालखीत, बसवत होते, तेव्हा सुंदरम्मा, ती आठवडाभर सेवेला इथंच होती, मध्येच कुणाला तरी म्हणाली, "नागम्माक्का आता ताट घिऊन बसली असंल." मृत्युंजयनं ते ऐकलं. तो दोरी बांधत होता, बांधत राहिला.

दीडला उचललं. रुद्रभूमीत, म्हणजे लिंगायतांच्या दफनभूमीत, अय्यांनी मंत्र म्हटले, बेलपानं पडली, विभूती पडली. खड्ड्यातल्या कोनाड्यात अप्पा बसलेले दिसत होते. पहिली मूठ मृत्युंजयनं टाकली. मग सगळ्यांनी टाकल्या, मग फावडी आली. अडीचला सगळं संपलं. घरी येऊन अंघोळी झाल्या, शेजारून आमटी-भात आला, लोकांनी दोन घास खाल्ले आणि एकेक करून निघायला लागले.

साडेचारला दारात रिक्षा थांबली.

पंच्याहत्तरीची म्हातारी उतरली. वाकलेली, पण पाऊल घाईचं. एका हातात कापडी पिशवी, तीत नवं धोतर आणि विभूतीची वडी, दुसऱ्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली बेलाची पानं. उंबऱ्यावर आली आणि थबकली. सोपा धुऊन काढला होता. भिंतीपाशी, जिथं अप्पा बसले होते, तिथं आता पणती तेवढी होती.

"एल्लि अदान नन्न तम्म?" ती म्हणाली. माझा भाऊ कुठाय, एवढंच. मग मराठीतून परत, मोठ्यानं, "वीरू कुटं हाय?"

मृत्युंजय पुढं झाला. पाया पडायला वाकला, तर तिनं पाय मागं घेतले.

"आत्या, माती झाली. दीड वाजता."

"दीड? येडा का काय तू? पाच लिवलंय. पाच! मी एकाला ताट घिऊन बसले. लावला टीव्ही. नाव म्होरंच. म्हनलं सरकंल, जाईल, दुसऱ्या कुनाचं आसंल. पर सरकंना. रोज पळती ती पट्टी आज हुबी ऱ्हायली. शेजारनीकडं जाऊन बगितलं, तिच्याबी टीव्हीत हुबी. वीरभद्रप्पा कलशेट्टी, माती पाच. मी म्हनलं, थांबला बग माजा तम्मा. मी येस्तवर हलत न्हाय. बेल आनला, मटात जाऊन विभूती आनली, येष्टी धरली. साडेचारला आले की न्हाय? आं? किती वाजले सांग."

मृत्युंजयनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "साडेचार," तो म्हणाला.

त्यानं तिथंच यशवंतना फोन लावला. आत्या काय म्हणते ते सांगितलं. मग यशवंत म्हणाले, "तिकडच्या केबलवाल्याची पेटी नवी हाय, मालक. हिकडनं चित्र तुटलं की ती शेवटचं धरून ठेवती म्हनं. मला आत्ता कळालं बगा. आईशप्पत, मला म्हाईत न्हवतं."

सोलापुरात टीव्ही काळा होता आणि अक्कलकोटात वीरभद्रप्पांचं नाव पावणेअकरापासून दारात उभं राहिल्यासारखं उभं होतं. कुणाच्या बापाला हे सुचलं असतं!

नागम्मा रुद्रभूमीत गेली. मृत्युंजय तिच्या मागं चालत गेला. ओल्या मातीचा उंचवटा, वर हार. ती शेजारी बसली, पिशवी मांडीवर. थोड्या वेळानं तिनं हातानं कडेची माती जरा बाजूला सारली.

"बसवलंय न्हवं त्याला?"

"हो, आत्या."

"मग तोंड वरच्या अंगाला आसंल. दोन हात माती आसंल फार तर. दोन तास तर झाल्यात. काड की."

"आत्या, असं कसं काढायचं?"

"तोंडापुरतं काड. मी बगती आन् परत लोटती. मी सवता लोटती." मग तिनं हात मातीवर ठेवला. "मी त्याला शाप दिला न्हवता रं. मी म्हनले मेल्यावर बगीन, म्हंजे बगीन की न्हाय? ती बगायचीच बोली हुती."

मृत्युंजय तिच्यासमोर उकिडवा बसला आणि रडला. बाप गेल्यापासून पहिल्यांदा रडला. मग त्यानं फोन काढला, दुपारी काढलेला फोटो समोर धरला. विभूती, हार, मिटलेले डोळे. नागम्मानं हातानं फोन बाजूला केला, डोळे घट्ट मिटून घेतले. "ह्यो न्हाय," ती म्हणाली. बेलाची पानं तिनं मातीवर एकेक करून ठेवली, धोतर घडी न मोडता तिथंच ठेवलं, आणि उठली.

घरी आली ती पाणी प्यायला फक्त. तेवढ्यात शिवराजचा फोन आला. तो माळशिरसला ब्यांकेत आहे. सकाळपासून कंप्यूटर बंद, लोक अंगावर येत होते, फोन खणात टाकून कुलूप लावलं होतं. "तुझे फोन दिसले. काय झालं?" मृत्युंजयनं सांगितलं. तिकडून त्यानं एवढंच विचारलं, "आईनं बघितलं ना पण मामाला?" मृत्युंजयनं फोन नागम्माच्या हातात दिला. तिनं कानाला लावला आणि तसाच परत दिला.

सहा वाजता चॅनेल सुरू झालं. बायका सोप्यात बसल्या होत्या, कुणीतरी आतला टीव्ही लावला होता. यशवंत बनसोडे शब्दाचा पक्का माणूस, पहिली पट्टी त्यांनी वीरभद्रप्पांचीच टाकली. "वीरभद्रप्पा गुरुसिद्धप्पा कलशेट्टी यांचे निधन. माती आज दुपारी १.३० वा." छान, भरभर सरकत गेली. मागोमाग शनिवारच्या पाण्याच्या वेळा.

बायकांनी वाचली. एकमेकींकडं बघितलं. जुळे सोलापूर या नव्या वस्तीकडच्या एक पाहुण्या होत्या, त्या आताच आल्या होत्या. त्या हळू म्हणाल्या, पण एवढ्याशा सोप्यात हळू ते काय असतं? "दीडची तर होती की. साडेचारला आल्या म्हणे. मेल्यावरसुद्धा हट्ट सोडला नाही बाई."

"नाही!" मृत्युंजय जवळजवळ ओरडला. "पाचची होती. मी बदलली. चूक माझी आहे, आत्याची नाही. ती वेळेच्या आधी आली."

"असू दे रे," पाहुण्या म्हणाल्या. "आजच्या दिवशी कशाला." सिद्धाप्पा काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुःखात माणूस काहीही अंगावर घेतो, असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. आणि पट्टीवर तर लिहिलेलंच होतं, दर दहा मिनिटांनी. ती आता अख्खा जिल्हा वाचणार होता.

नागम्मा तोपर्यंत उंबऱ्यापर्यंत गेली होती. सातची एसटी होती. मृत्युंजय चावी घेऊन धावला.

"आत्या, गाडीनं सोडतो. घरापर्यंत सोडतो. मी दुपारी नाक्यापर्यंत आलो होतो तुला आणायला."

ती थांबली. "आन् मग?"

"अप्पांची शपथ होती ना. तुझ्या दारात पाऊल टाकायचं नाही म्हणून."

नागम्मानं त्याचा चावीचा हात धरून हळूच खाली केला.

"व्हय की. हाय न्हवं अजून ती. आता ती सोडवनार कोन, बाळा? ज्यानं घातली, त्यो तर गेला."

आणि ती एकटीच नाक्याकडं चालत गेली.